तुळईचा प्रश्न आणि प्रतिबलाची व्याख्या : पदार्थबलशास्त्रातील मूलभूत संकल्पनांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदार्थबलशास्त्राचे अध्यापन सामान्यतः प्रतिबल व विकृती, म्हणजेच 'स्ट्रेस' व 'स्ट्रेन', यांच्या व्याख्यांपासून सुरू होते. त्यानंतर हुक यांचा नियम, यंग यांचा गुणांक आणि तुळईच्या नमनाचे सूत्र येते. पाठ्यपुस्तकातील हा क्रम तर्कशुद्ध आहे; परंतु इतिहासाचा क्रम बराचसा उलट आहे. तुळईचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला आणि प्रतिबलाची सर्वसाधारण व्याख्या त्यानंतर सुमारे १८० वर्षांनी सिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

गॅलिलिओ ते मॅरिऑट

१६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथात गॅलिलिओ यांनी एक टोक भिंतीत रोवलेल्या व दुसऱ्या टोकास वजन टांगलेल्या तुळईचा विचार केला. मोडताना तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि संपूर्ण छेदावर प्रतिकार सारखाच असतो, असे त्यांनी गृहीत धरले. तुळईचे बल रुंदीच्या व उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा निष्कर्ष आजही ग्राह्य आहे. फळी आडवी ठेवण्यापेक्षा उभी ठेवल्यास अधिक भार का पेलते, याचे गणिती कारण त्यातून मिळाले. मात्र आयताकृती छेदासाठी आजच्या सूत्रात १/६ हा गुणक आहे. गॅलिलिओ यांच्या मांडणीतून तो १/२ येतो. म्हणजेच तुळईचे बल तिप्पट मोजले जाते.

ताणल्यावर पदार्थ लांबतो, ही बाब या मांडणीत नव्हती. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक यांनी बल व लांबी यांतील समप्रमाण स्पष्टपणे मांडले. मॅरिऑट यांनी लाकूड व काच यांवर प्रयोग केले आणि छेदावरील ताण तळाशी शून्य व वर सर्वाधिक असा मानला. त्यांच्या मृत्यूनंतर, १६८६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या या विवेचनातून १/३ हा गुणक मिळाला. चूक तिपटीवरून दुपटीवर आली.

समतोलाचे दुर्लक्षित सूत्र

१७१३ मध्ये पॅरां यांनी उणीव नेमकी दाखविली. छेदाच्या वरच्या भागातील एकूण ताण व खालच्या भागातील एकूण दाब समान असलेच पाहिजेत. अन्यथा आडव्या दिशेने समतोल राहणार नाही. या विवेचनाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. मार्टिनिक बेटावर तटबंदीचे काम केलेले लष्करी अभियंता कुलोम यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून हाच समतोल पुन्हा सिद्ध केला. तो १७७६ मध्ये छापला गेला. तरीही १७९८ च्या जिरार यांच्या ग्रंथात गॅलिलिओ व मॅरिऑट यांचीच गृहीतके कायम होती.

स्थितिस्थापकतेचा गुणांक यंग यांनी १८०७ मध्ये मांडला खरा. पण त्याला आजचे रूप नाविए यांनी १८२६ च्या आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात दिले. उदासीन अक्ष छेदाच्या गुरुत्वमध्यातून जातो, हेही त्याच ग्रंथात प्रस्थापित झाले. नाविए यांच्या आधीच्या लेखनात या अक्षाचे स्थान चुकीचे होते, हे विशेष लक्षणीय आहे. दरम्यान १८२२ मध्ये कोशी यांनी पदार्थाच्या आतील कोणत्याही प्रतलावरील बलाचा विचार करून प्रतिबलाची सर्वसाधारण संकल्पना मांडली.

निष्कर्ष

या इतिहासातील अडसर प्रगत गणिताचा नव्हता. वजन, लांबी व आधार यांचा समतोल सर्वांना ज्ञात होता. तोच नियम पदार्थाच्या आत, कल्पित छेदावर, लावणे अवघड गेले. शिवाय गॅलिलिओ यांची प्रमाणे बरोबर असल्याने दोन तुळयांची तुलना केली असता चूक उघड होत नसे. ती केवळ प्रत्यक्ष भार मोजल्यावरच दिसे.

नमनाचे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यास उदासीन अक्ष गुरुत्वमध्यातूनच का जातो, याचे उत्तर अनेकदा देता येत नाही. या ठिकाणी तो १७१३ पूर्वीच्याच अवस्थेत असतो. सूत्र देण्यापूर्वी गॅलिलिओ यांची तुळई फळ्यावर काढून तिच्यातील आडव्या बलांची बेरीज विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास उदासीन अक्ष ही केवळ पाठांतराची बाब उरणार नाही. संकल्पनांचा इतिहास अभ्यासक्रमाच्या परिशिष्टात न ठेवता अध्यापनाचे साधन म्हणून योजणे त्यामुळे आवश्यक ठरते.