मनमाडपर्यंतचा थाट

हैदराबादेतील नारायणगुड्याला मराठी माणूस परका नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये निघालेली शाळा ह्याच वस्तीत आहे. आणि तेथून थोड्याच अंतरावर काचीगुड्याचे घुमट-मिनारांचे रेल्वे स्थानक उभे आहे. मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकीर्दीत, 1916 मध्ये, ते बांधले गेले. 1958 मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन होईपर्यंत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील अनेक तरुण हैदराबादची वाट धरीत, आणि ती वाट औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मनमाडकडून येणाऱ्या रुळांवरूनच होती.

हे रूळ मात्र मीटरगेजचे. वाडीहून सिकंदराबादेस 1874 मध्ये आलेला निजामाच्या रेल्वेचा पहिला मार्ग ब्रॉडगेज होता. त्यानंतर सुमारे पाव शतकाने झालेला मनमाडचा मार्ग अरुंद ठेवण्यात आला. एका मार्गाच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर, दुसऱ्याच्या रुळांत एका मीटरचे. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. प्रवाशाला तो मनमाडच्या फलाटावर कळत असे. तेथे प्रत्येकास उतरावे लागे. पहिल्या वर्गाच्या गादीवर पहुडलेला जहागीरदार असो की तिसऱ्या वर्गात वळकटीवर बसलेला विद्यार्थी, ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यावयाच्या आणि मुंबईची गाडी गाठावयाची. आपली गाडी उशिरा पोहोचली आणि पुढची निघून गेली, तर ठरविलेला सारा बेत फलाटावरच मोडे. मग फराळाचा डबा उघडून पुढच्या गाडीची वाट पाहणे एवढेच हाती राही. मखमलीने मढविलेले मीटरगेजचे सलूनही ह्याला अपवाद नव्हते. मनमाडपुढे त्याला रूळच नव्हते. रेल्वेने लहानथोरांस असे एका पातळीवर अन्यत्र क्वचितच आणले असेल!

1956 च्या राज्यपुनर्रचनेने हा मार्ग दोन राज्यांत विभागला गेला, तरी रहदारी खुंटली नाही. काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्स्प्रेस 1967 मध्ये देशातील मीटरगेज गाड्यांत सर्वांत वेगवान गणली जाई. हा वेग सरासरी ताशी 42.5 किलोमीटर होता, हे ऐकून आजचा प्रवासी हसेल.

संस्थाने गेली, सलून उरली. 26 जानेवारी 1982 रोजी राजस्थानात ‘पॅलेस ऑन व्हील्स’ सुरू झाली, तेव्हा व्हाइसरॉय, रजपूत राजे आणि निजाम ह्यांचे जुने डबे तिला जोडले होते. पण तेथेही रूळ रुंद होऊ लागले, आणि 1995 मध्ये ब्रॉडगेजसाठी नवे डबे करावे लागले. वैभव पुन्हा मापापुढे हरले.

मनमाड-हैदराबाद मार्गही टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ 2004 मध्ये निघाली. तिच्या एका सहलीत विजापूर, हंपी, हैदराबाद आणि वेरूळ-अजिंठा ही स्थळे येतात, आणि मुंबईस चढलेला पाहुणा सामान न उतरविता मुंबईस परततो. साथीमुळे 2020 मध्ये ही गाडीही थांबली. लोकांनी महिनोन्‌महिने आधी आखलेले बेत रद्द झाले, आणि ती पुन्हा धावू लागली ती 2023 च्या सप्टेंबरात.