हमिंगबर्डसाठी साखरपाणी

हमिंगबर्डसाठी साखरपाणी म्हणजे पांढरी साखर साध्या पाण्यात विरघळवून केलेले द्रावण होय. उत्तर व दक्षिण अमेरिकेत हमिंगबर्ड पक्ष्यांना फुलांतील मकरंदाला पूरक आहार म्हणून ते दिले जाते. बागेत किंवा खिडकीबाहेर टांगलेल्या पात्रातून पक्षी ते पितात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, मेक्सिको, इक्वेडोर इत्यादी देशांत ही प्रथा विशेष रूढ आहे.

हमिंगबर्डच्या (कुळ : ट्रोकिलिडी) साडेतीनशेहून अधिक जाती असून त्या सर्व केवळ अमेरिका खंडांत आढळतात. महाराष्ट्रातील बागांत जास्वंदीभोवती दिसणाऱ्या चिमुकल्या, चकाकत्या पक्ष्यालाही पुष्कळदा हमिंगबर्ड म्हटले जाते. तो शिंजीर असून त्याचे कुळ सर्वस्वी वेगळे आहे.

द्रावणाचे प्रमाण

मापाने एक भाग साखर व चार भाग पाणी हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे. वजनाच्या हिशेबाने असे द्रावण सुमारे १८ टक्के साखरेचे होते. हमिंगबर्ड ज्या फुलांवर येतात त्यांच्या मकरंदातील शर्करेच्या प्रमाणाशी ते जवळपास जुळते. तुलनेसाठी पाहता, बाजारातील कोला पेयात साखर साधारणपणे १०-११ टक्के असते.

साखर पांढरी, शुद्ध केलेलीच वापरावी लागते. गूळ, काकवी व तपकिरी साखर यांत लोह व इतर खनिजे असतात. माणसाच्या आहारात ती गुणकारी मानली जात असली, तरी या इवल्या पक्ष्याला जादा लोह अपायकारक ठरते. मधाचे द्रावण लवकर आंबते व त्यात बुरशी वाढते. कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ तर सर्वांत घातक, कारण त्यांतून ऊर्जाच मिळत नाही. लाल रंग घालण्याची जुनी पद्धतही अनावश्यक आहे. पात्राचा एखादा भाग लाल असला तरी पक्षी आकर्षित होतो.

गोडीची जाण

पक्ष्यांच्या पूर्वजांमध्येच गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक आवश्यक घटक नष्ट झाला. हमिंगबर्डला मात्र गोडी कळते. मोड बाल्डविन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की एरवी प्रथिनयुक्त अन्नाची रुचकर चव ओळखणारा ग्राहकच या पक्ष्यांत बदलून शर्करा ओळखू लागला आहे.

पक्षी आणि माणूस

तेच साखरपाणी माणसाला अपायकारक आणि हमिंगबर्डला जीवनावश्यक का, याचे उत्तर चयापचयात आहे. सुमारे तीन ग्रॅम वजनाचा माणिककंठी हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगताना सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख हलवतो. या श्रमासाठी लागणारी जवळजवळ सर्व ऊर्जा तो अर्ध्या-पाऊण तासापूर्वी प्यायलेल्या शर्करेतून मिळवू शकतो. ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन्ही शर्करा त्याचे स्नायू सारख्याच सहजतेने वापरतात. माणसाला व्यायामाच्या वेळी नुकत्याच घेतलेल्या शर्करेतून एकूण गरजेचा सुमारे एक-तृतीयांश भागच मिळवता येतो. फ्रुक्टोजचे तर मुख्यतः यकृतात रूपांतर व्हावे लागते.

हमिंगबर्डच्या रक्तातील ग्लुकोज उपाशी असताना डेसिलिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम, तर मकरंद प्यायल्यावर ७०० मिलिग्रॅमच्या वर आढळले आहे. निरोगी माणसात उपाशीपोटी ते १०० च्या आत असते. माणसाच्या जिवावर बेतू शकणारी ही पातळी या पक्ष्याची नित्याची अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अन्नपेयांत घातलेली साखर तसेच मध व फळांच्या रसांतील शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली आणि ती ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत, आणणे अधिक हितकर मानले. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यातच ही मर्यादा ओलांडली जाते.

केवळ साखरेवर हमिंगबर्डही जगत नाही. प्रथिनांसाठी तो बारीक कीटक व कोळी खातो, आणि पिल्लांनाही मुख्यतः तेच भरवतो.

पात्राची निगा

या छंदातील खरा धोका साखरेत नसून हलगर्जीपणात आहे. उन्हाळ्यात साखरपाणी एक-दोन दिवसांतच आंबू लागते, म्हणून तेवढ्या अवधीत ते बदलावे लागते. थंड हवेत ते चार-पाच दिवस टिकते. द्रावण गढूळ दिसल्यास टाकून द्यावे आणि दरवेळी पात्र गरम पाण्याने, ब्रशने घासून धुवावे. काळी बुरशी धरलेले पात्र टांगण्यापेक्षा ते न टांगलेले बरे. पात्राची जागा मांजरांच्या आवाक्याबाहेर असावी. काचेच्या तावदानावर आपटून पुष्कळ पक्षी मरतात, म्हणून ते तावदानाच्या अगदी लगत किंवा त्यापासून बरेच दूर टांगतात.

शरद ऋतूतही पात्र टांगून ठेवल्यास पक्षी स्थलांतर विसरतात, हा समज निराधार आहे. स्थलांतराची प्रेरणा मुख्यतः दिवस लहान होत जाण्यातून मिळते, आणि उशिरा निघालेल्या पक्ष्याला वाटेत असे पात्र सापडले तर पुढच्या प्रवासासाठी चरबी साठवता येते.