पाळकाचा वाटा

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीत सुगीच्या सणाला गेलात, तर त्या दिवशी चर्चचा पुढचा भाग घरच्या ओसरीसारखा भरलेला दिसतो. सोयाबीनचा कट्टा, पायलीभर ज्वारी, भोपळे, लिंबं, भेदरं, टोपलीत अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना झाली की आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. पाचदहा रुपयांच्या लिंबासाठी शंभराची बोली लागते. घेणारा पैसे मोजतो आणि तेच लिंबू परत अर्पण करतो, मग त्याचा पुन्हा लिलाव. मुलं टाळ्या वाजवतात, खजिनदार वहीत आकडे टिपत राहतो. या जमेतून पाळकाचा पगार, चर्चची डागडुजी, एखाद्या विधवेची मदत असे खर्च भागवले जातात.

सण आनंदाचा आहे खरा, पण त्याच्या मुळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. देवाचं वचन सांगत गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या ताटात भाकरी कोणी वाढायची? या प्रश्नाची वाशिमपर्यंतची वाट दोन हजार वर्षांची आहे आणि ती सरळ नाही.

शुभवर्तमानात याची पहिली नोंद स्त्रियांच्या नावे आहे. लूकच्या आठव्या अध्यायात मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर अनेक जणी येशूच्या आणि त्याच्या शिष्यांच्या गरजा आपल्या पदरच्या पैशानं भागवत असल्याचं लिहिलं आहे. योहान्ना ही हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको. म्हणजे सेवकाला पोसण्याची ख्रिस्ती रीत बायकांच्या गाठीच्या पैशातून सुरू झाली. मंडळ्यांच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे सांगितली जात नाही, ती सांगायला हवी.

पुढे पौल आला. तो तंबू शिवून पोट भरत असे. करिंथच्या मंडळीकडून त्यानं काही घेतलं नाही, पण त्याच मंडळीला लिहिताना सेवकाचा हक्क त्यानं ठामपणे मांडला. त्यासाठी मोशेच्या नियमशास्त्रातला दाखला दिला: मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये. फिलिप्पैच्या मंडळीशी मात्र त्याचं वेगळं नातं होतं. तिनं थेस्सलनीकात त्याला एकाहून अधिक वेळा मदत पाठवली आणि तो बंदिवासात असताना एपफ्रदीताच्या हाती पुन्हा पाठवली. हा एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पौलानं त्याच्याबद्दल लिहिलेल्या ओळी वाचताना कळतं की मदत घेऊन जाणारा माणूसही सेवेतला भागीदारच धरला जात होता.

योहानाचं तिसरं पत्र तर जेमतेम पानभर आहे आणि सगळं याच विषयावर आहे. गायस नावाच्या गृहस्थानं अनोळखी फिरत्या सेवकांना घरात घेतलं, पुढच्या प्रवासाची शिदोरी दिली. त्याला शाबासकी देताना पत्रलेखक म्हणतो की अशांना आधार देणारे लोक सत्याच्या कामात त्यांचे सहकारी होतात. त्याच पत्रात दियत्रफेस नावाचा, मोठेपणाची हाव असलेला एक पुढारी आहे. तो अशा पाहुण्यांना थारा देत नाही आणि देणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. मंडळी जेमतेम उभी राहत होती, तेव्हाच हा तंटा सुरू झाला होता.

फिरत्या सेवकांमध्ये तोतयेही असणार. म्हणून ‘डिडाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात व्यवहारी नियम घालून दिलेले आहेत. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज असेल तर दोन; तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरी घेईल, पैसे मागेल तर तोही खोटा. मात्र खरा संदेष्टा तुमच्यात वस्ती करू म्हणेल, तर द्राक्षकुंडाचं आणि खळ्याचं पहिलं उत्पन्न त्याला द्यायचं. या ग्रंथाची प्रत बिशप ब्रायेनिओस यांना 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि 1883 मध्ये छापली गेली. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांचा खळ्यावरचा हिशोब तेव्हा नव्यानं जगापुढे आला.

खळं म्हटलं की वऱ्हाडी माणसाला फार सांगावं लागत नाही. खळ्यावर रास लागली की धान्य घरी जाण्याआधी त्यातून वाटे निघत. सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार, मांग, ज्याचा त्याचा हक्क ठरलेला. वऱ्हाडातले पहिले ख्रिस्ती बहुतांशी महार-मांग समाजातून आले. त्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या खळ्याच्या कडेला उभं राहून आपला वाटा घेतला होता आणि त्यासोबत अपमानही गिळला होता. मंडळीत आल्यावर हाच माणूस सूप भरून धान्य घेऊन पुढे गेला, वेदीपाशी ठेवलं आणि पहिल्यांदा देणाऱ्याच्या जागी उभा राहिला. त्याला कोणी सक्ती केली नव्हती. सुगीच्या सणाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू हीच आहे.

पण हे इतक्या सहज घडलं नाही. मध्ये मिशनचा पगार आला.

महाराष्ट्रात याबाबतची मोठी चर्चा अहमदनगरला झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या बोस्टनमधल्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीनं आपला कारभार, आपला प्रसार आणि आपला खर्च स्वतः उचलावा, असं त्यांचं आग्रही मत होतं. त्याच सुमारास, 1854 च्या अखेरीस, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळीला मराठी पाळक मिळाले. त्यांना पोसायचं कोणी, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला.

त्याआधीच मुंबईत एका माणसानं या प्रश्नाला स्वतःच्या आयुष्यानं उत्तर दिलं होतं. जॉर्ज बोवेन 1848 साली याच मिशनमध्ये दाखल झाले आणि वर्षभरातच त्यांनी पगार सोडला. पगारी उपदेशकाचं बोलणं लोक त्याच्या नोकरीचा भाग समजतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. शिकवणी घेऊन, गरीब वस्तीत राहून त्यांनी चाळीस वर्षं मुंबईत काढली. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवलं आणि 1888 साली इथंच देह ठेवला.

1871 च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा बोवेन त्यांना जाऊन मिळाले. मेथडिस्ट पंथाच्या टेलरांची पद्धत स्पष्ट होती: ज्या मंडळीला पाळक हवा, तिनंच त्याला पोसावं. अमेरिकेतून आलेला पैसा फार तर सेवकाच्या बोटीच्या तिकिटासाठी. या पद्धतीवर त्यांनी 1879 मध्ये पुस्तकही लिहिलं, नाव पौलाच्या रीतीवरून दिलेलं. रेल्वेतले, कचेऱ्यांतले इंग्रजी बोलणारे लोक त्यांच्या मंडळ्यांत होते आणि महिन्याला पगार येणाऱ्यांना पाळकाचा खर्च पेलवत होता. टेलरांच्या हाकेला ओ देऊन आलेले अल्बर्ट नॉर्टन वऱ्हाडात एलिचपूरकडे, कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट दांपत्यही 1880 नंतर इकडे आलं. त्यातूनच पुढे यवतमाळचं काम उभं राहिलं.

मेथडिस्टांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाशिमला, तेव्हाच्या बासिमला, ठाणं केलं. पण इथं टेलरांचा नियम लावणार कोणाला? इथला ख्रिस्ती माणूस सालदार नाहीतर रोजमजूर. त्यात 1896-97 चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ 1899-1900 चा, म्हणजे संवत छप्पन्नचा. मिशनांच्या आवारात अनाथ मुलं भरली. 1900 साली अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राच्या वाचकांनी दिलेल्या मदतीतून मका भरलेलं ‘क्विटो’ जहाज मुंबईला आलं. त्या मक्यानं आणि त्या पैशानं माणसं जगली, आणि ज्यांनी जगवलं त्यांच्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. मात्र त्याच काळात मिशन हे मायबाप होऊन बसलं. शाळामास्तर, उपदेशक, घरोघर वचन सांगणारी बायबल बाई आणि पाळक सगळे मिशनच्या पगारावर. पाळक उत्तर देणार साहेबाला, मंडळीला नाही. मंडळीला वाटणार की आपल्याला फक्त घ्यायचं आहे. ही गाठ सोडवायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली.

त्या गाठीची कळ सर्वांत तीव्रपणे जाणवली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला, पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दीडदोन वर्षांच्या त्या प्रयोगाला फळ किती आलं, यावर मतं असू शकतात. पण मराठी ख्रिस्ती सेवकानं परक्या पगाराशिवाय आपल्या लोकांत उभं राहावं, ही आस त्यांनी घरदाराची घडी मोडून दाखवली. त्या निर्णयाचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही उचलला.

वाशिमच्या शेजारी बुलढाण्याकडे चर्च ऑफ द नाझरीनचं काम वाढत होतं. या पंथाचे पूर्वसुरी 1898 सालीच हिंदुस्थानात आले होते. 1930 च्या दशकात मेथडिस्टांनी वाशिमचं ठाणं नाझरीनांकडे सोपवलं. 1936 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर आल्या आणि 1938 मध्ये त्यांनी वाशिमला रुग्णालय सुरू केलं. हायरम रेनॉल्ड्स या पंथाच्या ज्येष्ठ धुरिणांच्या स्मरणार्थ ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झालं. त्या काळच्या वऱ्हाडात बाळंतपणासाठी बाईला डॉक्टर मिळणं किती दुरापास्त होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाचं मोल कळतं. पुढे परिचारिकांचं शिक्षणही तिथं सुरू झालं. मंडळीच्या खिशावर याचा वेगळाच परिणाम झाला. शिकलेल्या मुली नर्स झाल्या, महिन्याचा पगार घरात आला आणि त्यातून दशमांश निघू लागला. योहान्ना आणि सुसान्नाचीच ही परंपरा, फक्त इथं कमाई बायकांच्या स्वतःच्या हातची.

स्वातंत्र्यानंतर बाहेरचा ओघ आटत गेला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. त्या सरकारनं 1954 मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1956 च्या अहवालात परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा यांवर कठोर शिफारशी आल्या. त्या अहवालाशी मतभेद असणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यानंतर मिशनरींचे व्हिसा अवघड झाले आणि 1976 च्या विदेशी अंशदान कायद्यानं पैशाचीही वाट अरुंद झाली. आता पाळकाला आपणच पोसायचं, हे मंडळ्यांना उमगलं. पाळक तयार करण्याचं कामही जवळच होत होतं. 1953 साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली होती. 1983 मध्ये ती पुण्याला गेली.

यासाठी जी साधनं वापरली गेली ती साधी होती. दशमांशाची पाकिटं, घरोघरच्या प्रार्थनासभेतली थाळी, वाढदिवसाचं आभार-अर्पण आणि सुगीचा सण. नाझरीन घरांतून संगमरवरी कुपीच्या नावाची छोटी पेटीही असते. 1949 च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेल्या या रीतीप्रमाणे फेब्रुवारी आणि सप्टेंबरात पेटी उघडतात, पण तो पैसा इमारतींसाठी. मिझोराममध्ये मंडळीच्या बायका 1910 च्या सुमारापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आणि त्या मुठीवर तिथली मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली. वऱ्हाडात तांदूळ नाही, पण मूठ तीच असते.

आज वाशिममध्ये सुगीही बदलली आहे. ज्वारी मागे पडली, सोयाबीन पुढे आलं. ते ऑक्टोबरात निघतं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. पोरं पुण्या-मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला नोकरीला गेली आणि त्यांचा दशमांश मोबाइलवरून येतो. वर्ष नापिकीचं असलं तर अर्पण घसरतं आणि पाळकाच्या घरची चूल सर्वांच्या आधी मंदावते, कारण हिशोब बसवताना खजिनदाराच्या हाती तीच रक्कम कमी करणं उरतं. मंडळी लहान, तिचा पाळक तीन-तीन गावं सांभाळणारा, मोटारसायकलचं पेट्रोल तो खिशातून घालणारा. निवृत्तीनंतर त्याला घर सोडावं लागतं, कारण घर मंडळीचं.

अंगणात लिलाव रंगलेला असताना या हिशोबाकडेही बघायला हवं. मंडळीनं पाळकाचा पगार ठरवताना त्याच्या मुलांची फी, बायकोचं दवाखान्याचं बिल आणि म्हातारपणची तजवीज त्यातच मोजावी, पंचांच्या सभेत हे आकडे उघड मांडावेत आणि सुगी कमी आली त्या वर्षी तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी. पाळकाची विधवा आणि बायबल बाई यांची नावं त्याच वहीत पहिल्या पानावर लिहिली जावीत.