अहवालात नसलेला रकाना

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला अहवाल वाचण्याची खोड जडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईवर प्लेग कोसळला, त्या काळचे छापील अहवाल मी आस्थेने वाचले. त्यांत रुग्णांची गणती आहे, मृतांची आहे, खर्चाची आहे. परंतु रात्रभर मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेने दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दालनात पाऊल कसे टाकले, हे सांगणारा रकाना त्यांत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात वैद्यकी करणारे मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. ऑक्टोबरच्या आरंभी रुग्णांना सक्तीने हलविण्याचा अधिकार महापालिकेने हाती घेतला आणि आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयाकडे गाड्या धावू लागल्या. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, एवढेच लोकांना दिसत होते. आत रुग्णांना ठार मारतात, अशी कुजबूज पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव रुग्णालयावर चालून गेला. आत रोग आणि बाहेर रोष, अशा कोंडीत तेथील सेवकवर्ग सापडला होता. लोकांचे भय अज्ञानातून आले असेल. पण आपले माणूस डोळ्यांदेखत ओढून नेले जात असताना शांत कोण राहील?

याच सुमारास ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वाल्डेमार हाफकिन लस सिद्ध करण्यात गढले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या कामाच्या ताणाने त्यांच्या एका सहायकाचे मन खचले व दोघे काम सोडून गेले, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. त्या तिघांना भ्याड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मनालाही शक्तीची सीमा असते.

मग जे टिकले, ते कशाच्या बळावर? पुण्याकडे पाहिले, तर याचे एक उत्तर सापडते. हडपसरनजीक ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णसेवा आरंभिली. मातोश्री सावित्रीबाई रुग्ण गोळा करून आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. हे धैर्य त्या दिवशी अकस्मात उपजले नव्हते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रे चालविली होती. त्याआधीची अनेक वर्षे समाजाची अवहेलना सोसली होती. त्या धैर्यामागे आयुष्यभराची सवय होती आणि शेजारी आपले माणूस होते.

दुसरे उत्तर मुंबईतच मिळाले. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. रुग्णाला ओळखीची भाषा, ओळखीचे अन्न आणि ओळखीचे चेहरे लाभले, तशी भीती ओसरू लागली. ज्याच्याकडे रुग्ण विश्वासाने पाहतो, त्या सेवकाच्या मनावरचा भारही हलका होतो.

प्लेगमुळेच १८९७ चा साथरोग कायदा झाला. त्या कायद्याखाली काम करणाऱ्याला न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण मिळाले. परंतु रुग्णसेवकावर उगारलेल्या हाताचा त्यात स्वतंत्र विचार नव्हता. तो विचार २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, दुरुस्ती होऊन आला. तोवर १२३ वर्षे लोटली होती. आर्थर रोडचे तेच रुग्णालय आता कस्तुरबा या नावाने ओळखले जाते. मुंबईचे पहिले कोविड रुग्ण मार्च २०२० मध्ये तेथेच दाखल झाले. २२ मार्चच्या सायंकाळी आपण टाळ्या वाजविल्या, आणि त्याच दिवसांत काही परिचारिकांना घरमालकांनी घर सोडण्यास सांगितले.

त्या काळी मीही खाटांचे आणि प्राणवायूचे तक्ते भरून वर पाठवीत होतो. किती सेवकांना सलग झोप मिळाली, किती जणांना रडायला एकांत लाभला, हे मी कोणाला विचारले नाही. कारण तक्त्यात तो रकाना नव्हता. नुसत्या गौरवाने थकलेला माणूस उभा राहत नाही. त्याला पाळी संपल्यावर सुटी हवी, निर्धास्त निवारा हवा आणि "आज जमणार नाही" असे लाज न वाटता म्हणण्याची मुभा हवी. पुढची साथ येईल तेव्हा तक्ता कदाचित माझ्यासारखाच कोणी आखील. त्याने हा एक रकाना आठवणीने घालावा.