वयाचा रकाना

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. या मार्गावर २०१३ साली महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू खुली झाली. तेथून फार दूर नसलेल्या शहाजहान रोडवर, धोलपूर हाऊसमध्ये, संघ लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे. मुलाखतींच्या दिवसांत महाराष्ट्रातून आलेले तरुण सदनात उतरतात आणि स्वतःच भरलेल्या अर्जाची प्रत धड्याप्रमाणे घोकत असतात. स्वतःविषयीच्या या कागदास एवढे महत्त्व कसे आले, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

'उमेदवार' हा शब्द फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांत उमेदवारी करणे म्हणजे जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी राबणे. तेथे कागदापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द मोठा. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारही याहून निराळा नव्हता. कंपनीत 'रायटर' होऊ इच्छिणारा इंग्रज मुलगा विनंतीअर्ज करी आणि त्यास बाप्तिस्म्याचा दाखला व शिक्षणाची प्रमाणपत्रे जोडी. परंतु खरी किल्ली त्याचे नाव सुचविणाऱ्या संचालकाच्या हाती असे. १८५३ च्या कायद्याने संचालकांचा हा अधिकार गेला आणि १८५५ मध्ये लंडनमध्ये पहिली स्पर्धापरीक्षा झाली. तेव्हापासून ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याचा कैवार घेण्याचे काम त्याच्या कागदांवर आले.

हे कागद किती जपून लिहावे लागतात, याचा धडा १८६९ मध्ये मिळाला. त्यापूर्वी सत्येंद्रनाथ टागोर हे एकच भारतीय १८६३ मध्ये ही परीक्षा उत्तीर्ण झाले होते. १८६९ मध्ये एकदम चौघे उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. परंतु बॅनर्जी व ठाकूर यांची नावे आयोगाने वयाच्या कारणावरून यादीतून वगळली. परीक्षेस वयाची वरची मर्यादा एकवीस वर्षांची होती. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा, म्हणजे परीक्षेच्या वेळी त्यांना विसावे पूर्ण होऊन एकविसावे चालू होते. मात्र १८६३ च्या मॅट्रिकच्या कागदांत त्यांचे वय सोळा लिहिले होते, आणि त्या हिशेबाने ते मर्यादेबाहेर जात होते. वास्तविक कोणीही खोटे लिहिले नव्हते. आपल्याकडे चालू वर्ष मोजीत, इंग्रज पुरे झालेले वर्ष मोजीत. प्रकरण लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले, भारतीय गणनेची रीत प्रतिज्ञापत्रांद्वारे मांडली गेली, आणि अखेर आयोगाने माघार घेऊन दोघांचीही नावे पुन्हा यादीत घातली. पुढे १९०५ मध्ये कर्झनने केलेल्या वंगभंगाविरुद्ध जे आंदोलन उभे राहिले, त्याच्या अग्रभागी हेच सुरेंद्रनाथ होते.

मराठी माणसास ही कथा परकी वाटू नये. 'सोळावे सरले' आणि 'सोळावे लागले' यांतील अंतर आपल्या आजीबाईंस ठाऊक होते; रकान्यास ते ठाऊक नसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आढळतील. पुढे सेवापुस्तकात तीच तारीख चढते. केंद्र सरकारच्या नोकरीत ती दुरुस्त करून घ्यावयाची, तर नोकरीत शिरल्यापासून पाच वर्षांच्या आत मागणी करावी लागते. त्यानंतर गुरुजींच्या सोयीची तारीख हीच निवृत्तीची तारीख ठरविते.

यावरून आम्हांस वाटते ते असे, की अर्जातील मजकूर नुसता खरा असून भागत नाही. वाचणाऱ्याच्या मोजमापानेही तो खरा दिसला पाहिजे. खाजगी नोकरीसाठी पाठविलेला बायोडाटा असो वा आयोगाचा सविस्तर अर्ज असो, वाचणारा आपणांस ओळखत नसतो. 'अनुभव दांडगा' असे लिहिल्याने त्यास काही कळत नाही. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या पदावर, कोणते काम केले, हे लिहिले तर कळते. नागरी सेवा परीक्षेच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत, आणि तेथील अनेक प्रश्न उमेदवाराच्या अर्जातूनच निघतात. 'वाचनाची आवड' असे लिहिणाऱ्याने शेवटचे पुस्तक कोणते वाचले, हे विचारले जाणारच. जे वाक्य तोंडी निभावून नेता येत नाही, ते कागदावरही नसावे.

शिफारशीच्या काळी अर्जातील उणीव मामा किंवा काका दिवाणखान्यात बसून भरून काढीत. आज ती सोय नाही, आणि नसावी हेच उचित. ज्याच्या घरी असा मामा कधीच नव्हता, त्याच्यासाठी तर हा नीट लिहिलेला कागद हीच मोठी संधी आहे. ठाकुरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. परंतु अर्जातील वयाचा रकाना भरताना आपल्या तरुणांनी ते एकदा अवश्य आठवावे.