बॅरिस्टर गांधींची नाताळांतील वकिली

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्याला बहुधा दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं. गांधींच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत उलटतपासणीस उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु ह्याच बॅरिस्टरानें दक्षिण आफ्रिकेंत सुमारें पंधरा वर्षें चांगली चालती वकिली केली, ह्याचें स्मरण थोड्यांनाच असतें. त्या वकिलीचे मुख्य विषय दोन होते: परमुलखांत जाऊन वसलेल्या माणसाचा व्यापार, आणि त्या मुलखांत येण्याचा व राहण्याचा त्याचा हक्क. वरवर पाहतां हे विषय भिन्न दिसतात. ते मुळांत एकच आहेत, हें गांधींना पुस्तकांतून नव्हे तर अशिलांच्या अडचणींतून कळलें. आणि माझ्या मतें त्यांच्या पुढील राजकारणाचें बीज त्या ज्ञानांत आहे.

१८९३ सालीं ते तिकडे गेले ते कोणत्याही चळवळीसाठीं नव्हे. दादा अब्दुल्ला ह्या पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्याच्या पेढीनें त्यांस एका वर्षाच्या बोलीनें, १०५ पौंड व जाण्यायेण्याचें पहिल्या वर्गाचें भाडें देऊन, नेलें होतें. पेढीचे नातलग तय्यब शेठ ह्यांच्यावर प्रिटोरियास ४०,००० पौंडांचा दावा चालू होता. सारा मामला जमाखर्चाचा व वचनचिठ्ठ्यांचा. गांधींना वचनचिठ्ठी म्हणजे काय हेंही प्रथम उमजलें नाहीं. त्यांनीं जमाखर्चाचें पुस्तक विकत आणून विद्यार्थ्याप्रमाणें अभ्यास केला. बाजू बळकट असतांही त्यांनीं दोन्ही पक्षांस पंचाकडे नेलें. निकाल ३७,००० पौंड व खर्च असा दादा अब्दुल्लांच्या बाजूनें लागला. एकरकमी वसुलीनें तय्यब शेठ दिवाळखोर होतील हें पाहून, अशिलाची समजूत घालून, लांब मुदतीचे हप्तेही गांधींनींच ठरविले. वकिलाचें काम फाटलेलें सांधण्याचें आहे, हा धडा त्यांनीं येथें घेतला. मात्र दोन्ही पक्ष तडजोडीस तयार असतील तेथेंच हा धडा लागू पडतो. पुढें त्यांची गांठ ज्या पक्षाशीं पडली, तो स्वतःच कायदे करीत होता.

१८९४ सालीं नाताळांतील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारें बिल आलें आणि परत निघालेले गांधी तेथेंच राहिले. वीसएक व्यापाऱ्यांनीं वर्षाच्या बोलीनें आपलें वकीलपत्र त्यांस दिलें. त्यांना सनद मिळूं नये म्हणून तेथील वकिलांच्या मंडळानें हरकत घेतली. ती कोर्टानें फेटाळली. शपथ झाल्यावर न्यायाधीशांनीं पगडी उतरविण्यास सांगितलें. वर्षापूर्वीं डरबनच्या मॅजिस्ट्रेटनें हेंच सांगितलें तेव्हां गांधी कोर्ट सोडून गेले होते; ह्या वेळीं त्यांनीं पगडी उतरविली. स्नेही नाराज झाले. परंतु लहान लढाईंत शक्ति खर्चावयाची नाहीं, हा विवेक त्यांत होता. मोठी लढाई दूर नव्हती.

हिंदुस्थानची फेरी करून परत आल्यावर, १३ जानेवारी १८९७ रोजीं, डरबनला उतरतांच गोऱ्या जमावानें त्यांस मारहाण केली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिच्याहून दूरगामी घटना त्याच वर्षीं नाताळच्या कायदेमंडळांत घडली. तेथें दोन कायदे मंजूर झाले. पहिला बंदराचा: येणाऱ्या माणसास युरोपीय भाषेंत अर्ज लिहितां आला पाहिजे. दुसरा दुकानाचा: व्यापाराचा परवाना देणें न देणें हें नगरपालिकेनें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर, त्याच्यावर अपील नगरपालिकेकडेच, आणि कोर्टाकडे मुळींच नाहीं. लंडनच्या सरकारला उघड वर्णभेद नको होता. म्हणून शब्द निष्पाप आणि अंमल मात्र नेमका हिंदी माणसावर, अशी ही युक्ति होती. पहिल्या कायद्यानें नवा माणूस अडवावयाचा, दुसऱ्यानें आलेल्याचें दुकान बंद करावयाचें. कारण दुकान गेलें कीं राहण्याचा हक्क कागदावरच उरतो.

डरबनमध्यें परवाना मागणाऱ्या सोमनाथ महाराजांचें उदाहरण पाहावें. १८९८ सालीं त्यांस परवाना नाकारला गेला. नगरपालिका कारणही सांगेना. गांधींनीं तिच्यापुढें त्यांची बाजू मांडली. वरिष्ठ कोर्टानें ती कार्यपद्धति गैर ठरवून निर्णय रद्द केला. मग नगरपालिकेनें पुन्हां सुनावणी केली, कारण दिलें, आणि परवाना पुन्हां नाकारला. वकील जिंकला होता; अशील हरला होता.

बंदराच्या कायद्याची युक्ति नाताळपुरती राहिली नाहीं. वसाहतमंत्री चेंबरलेन ह्यांनीं १८९७ सालींच इतर वसाहतींच्या पंतप्रधानांपुढें तिची वाखाणणी केली, आणि १९०१ सालीं ऑस्ट्रेलियानेंही भाषापरीक्षेचा कायदा केला.

कायदाच न्यायालयाचें दार लावून घेतो, तेथें वकिलानें काय करावें? ह्या प्रश्नाचें उत्तर गांधींनीं ट्रान्सव्हालमध्यें दिलें. १९०३ पासून ते जोहान्सबर्गला वकिली करीत होते. हिंदी लोकांनीं बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा १९०७ सालीं झाला. तो पाळण्याचें त्यांनीं नाकारलें. १० जानेवारी १९०८ रोजीं, ज्या कोर्टांत ते वकील म्हणून उभे राहत, तेथेंच आरोपी म्हणून उभे राहिले आणि जबरांत जबर शिक्षा द्यावी असें म्हणाले. दोन महिन्यांची साधी कैद झाली.

उणेंही सांगितलें पाहिजे. प्रारंभीं त्यांची फिर्याद मुख्यतः व्यापाऱ्यांची होती. गिरमिट्या मजुरांचें दुःख लढ्याच्या केंद्रस्थानीं यावयास १९१३ साल उजाडावें लागलें. त्या भूमीच्या मूळ आफ्रिकन रहिवाशांविषयीं तर त्यांच्या त्या काळांतील लेखनांत तुच्छतेचे उद्गार सांपडतात. स्वतःवरील अन्याय इतक्या बारकाईनें वाचणारी दृष्टि शेजाऱ्यावरील अन्यायापाशीं अधू ठरली.

१९१४ च्या तडजोडीनें गिरमिट संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा कर गेला व हिंदी रीतीच्या एकपत्नी विवाहांस मान्यता मिळाली. दुकानाचा व बंदराचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. पुढें हिंदुस्थानांत शिक्षा झाल्यावर इनर टेंपलनें १९२२ सालीं बॅरिस्टरांच्या यादींतून गांधींचें नांव काढलें. तें १९८८ सालीं परत घातलें गेलें. यादींतील ह्या नांवापेक्षां त्यांच्या वकिलीचा अनुभव आपणांस अधिक उपयोगी आहे. कोणत्याही देशाचा परवान्याचा वा प्रवेशाचा कायदा वाचतांना त्याच्या शब्दांवर थांबूं नये. ज्याला नकार मिळाला त्यानें दाद कोठें मागावयाची, तें कलम आधीं शोधावें. नाताळच्या दुकानाच्या कायद्यांत तें उत्तर 'नकार देणाऱ्याकडेच' असें होतें.