बराकपूरचे पिंजरे आणि काळा चिट्टाच्या दाढा

बराकपूर म्हटले की तुम्हाला १८५७ आणि मंगल पांडे आठवतील. आपण मात्र १८०४ पासून सुरुवात करू. त्या वर्षी गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने बराकपूरच्या उद्यानातील प्राणिसंग्रहाचे काम फ्रान्सिस बुकॅननकडे सोपवले. भारतातील प्राणी गोळा करायचे, त्यांची वर्णने लिहायची, चित्रे काढून घ्यायची, असा तो उपक्रम होता. १८०५ मध्ये वेलस्ली परतला आणि काम मंदावले. जे पकडता येते, पिंजऱ्यात ठेवता येते, त्याचीच नोंद अशा संग्रहात होते, हे लक्षात घ्या.

जीवाश्मांच्या अभ्यासातही प्रथम असेच घडले. फॉकनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्ये शिवालिक टेकड्यांतील प्रचंड शिवाथेरियमचे वर्णन केले. मोठे हाड डोळ्यांना दिसते; उंदराएवढ्या प्राण्याची एक-दोन मिलिमीटरची दाढ दिसत नाही. तिच्यासाठी खडक भिजवून, फोडून, बारीक चाळणीतून धुवावा लागतो आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडावा लागतो. कंटाळवाणे काम आहे. पण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे.

१९७६ मध्ये अशोक साहनी आणि श्रीवास्तव यांनी वायव्य भारतातील सुबाथू स्तरांतून इओसीन काळातील कृंतकांची नोंद केली. १९७८ मध्ये हुसेन, द ब्रुइन आणि लेंडर्स यांनी पंजाबातील (आता पाकिस्तान) काळा चिट्टा डोंगररांगेतील दाढांवरून 'चपातीमिस' ही प्रजाती आणि 'चपातीमायिडी' हे कुल मांडले. होय, नावात आपली चपातीच दिसते! हे छोटे प्राणी सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे.

या दाढांना एवढे महत्त्व का? कृंतकांचे प्राचीन नातलग आशियात सापडतात, आणि भारत तेव्हा दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडत होता. चपातीमिसच्या दाढांवरील उंचवट्यांची रचना आशियाई कृंतकांशी जुळते, म्हणजे तोवर जमिनीवरून येण्याची वाट खुली झाली होती. ती नेमकी कधी खुली झाली, हे मात्र दाढ सांगत नाही. दाढ फक्त 'याच्या नंतर नाही' एवढेच सांगते. परीक्षेत हा फरक बरेचजण विसरतात.

काही अभ्यासक चपातीमायिडी हे स्वतंत्र कुल मानत नाहीत, दुसऱ्या कुलातील उपकुल मानतात. म्हणून दोन पुस्तकांत त्याच दाढा दोन ठिकाणी दिसल्या तर गोंधळू नका.